कमांडचं घर कुठलं? युनिक्समधल्या /बिन, /एसबिन आणि /यूएसआरची गोष्ट

वर्गीकरण या विषयावर आपली चर्चा चालू आहे. वस्तूंचे गट आपण कशाच्या आधारावर पाडतो, आणि तो आधारच नाहीसा झाला तर त्या गटांचं काय करायचं, हा आपला प्रश्न. आज त्यासाठी संगणकातलं एक उदाहरण घेऊ. ज्यांचा लिनक्सशी रोज संबंध येतो त्यांच्या ते ओळखीचं आहे. ज्यांचा येत नाही त्यांनी घाबरू नये. लागेल तेवढी माहिती आपण बोलता बोलता घेऊ.

युनिक्स आणि त्याच्या घराण्यातल्या प्रणालींमध्ये, म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस वगैरेंमध्ये, सगळ्या फाइली एकाच झाडाला लटकलेल्या असतात. झाडाचं मूळ म्हणजे रूट. ते नुसत्या तिरप्या रेघेनं, स्लॅशनं दाखवतात. विंडोजसारखे सी, डी असे वेगवेगळे ड्राइव्ह इथे नसतात. दुसरी डिस्क जोडली तर तीसुद्धा याच झाडाच्या एखाद्या फांदीवर येऊन बसते. या जोडण्याला 'माउंट करणं' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कारण आजची अर्धी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

आता आपण टाइप करतो त्या कमांड, म्हणजे यादी दाखवणारी एलएस, प्रत करणारी सीपी, डिस्क तपासणारी एफएससीके, या सगळ्या शेवटी फाइलीच. मग त्या झाडावर कुठे ठेवलेल्या असतात? एका जागी असाव्यात असं आपल्याला वाटेल. पण पारंपरिक उत्तर किमान सहा जागांचं आहे: /बिन, /एसबिन, /यूएसआर/बिन, /यूएसआर/एसबिन, /यूएसआर/लोकल/बिन आणि /यूएसआर/लोकल/एसबिन. शिवाय /ऑप्ट आहेच. नवखा माणूस इथे गोंधळतो आणि विचारतो, की एवढ्या खोल्या कशाला? प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट दिसेल: या खोल्या एकाच प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकमेकांवर रचली गेली आहेत.

पहिला प्रश्न: कमांड केव्हा लागते?

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची ही मुख्य नावं. या दोघांनी १९७४ साली युनिक्सवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी आपल्या यंत्राचं वर्णन दिलं आहे. मेमरी १४४ किलोबाइट. एक मेगाबाइटची एक जलद डिस्क, अडीच-अडीच मेगाबाइटच्या काढता-घालता येणाऱ्या चार, आणि ४० मेगाबाइटची एक मोठी. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा त्या जलद डिस्कवर मावणार नाही.

झाडाचं मूळ त्या छोट्या जलद डिस्कवर होतं. वापरकर्त्यांच्या फाइली मोठ्या डिस्कवर होत्या आणि यंत्र सुरू होताना ती डिस्क झाडाला माउंट केली जाई. वापरकर्ते म्हणजे यूझर, म्हणून त्या फांदीचं नाव /यूएसआर. थॉम्पसन यांची खासगी डिरेक्टरी /यूएसआर/केन होती, रिचींची /यूएसआर/डीएमआर. या तीन अक्षरांचं 'युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' असं भारदस्त रूप पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. ती मागाहून बसवलेली व्युत्पत्ती आहे. आपल्याकडे गावांच्या नावांच्या अशा व्युत्पत्त्या सांगतात, त्यातलाच प्रकार.

कमांड मुळात /बिनमध्ये असत. बिन म्हणजे बायनरी, यंत्राला थेट चालवता येणारा प्रोग्राम. पुढे कमांड वाढल्या, जलद डिस्कवर मावेनात, आणि मोकळी जागा तर होती वापरकर्त्यांच्या फांदीवर. मग तिथे /यूएसआर/बिन उभं राहिलं. कालांतरानं वापरकर्ते तिथून उठून /होममध्ये राहायला गेले, आणि ज्यांच्या नावानं ती जागा होती तेच तिथे उरले नाहीत. नाव मात्र राहिलं.

पण एकदा दोन जागा झाल्या की एक पेच पडतो. यंत्र सुरू होतं तेव्हा फक्त मूळ डिस्क दिसत असते. /यूएसआर अजून जोडायचं आहे. ते जोडणारी कमांड कुठली? माउंट. आता माउंटच /यूएसआरमध्ये ठेवली तर? कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कुलूप लावल्यासारखं होईल. म्हणून नियम ठरला: /यूएसआर जोडेपर्यंत आणि काही बिघडलं तर दुरुस्त करण्यापुरतं जे जे लागेल, ते मुळापाशी, बाकीचं /यूएसआरमध्ये. माउंट, फाइली हलवणारी एमव्ही, शेल, डिस्क तपासणारी एफएससीके या मुळापाशी. संकलक, संपादक, खेळ हे पलीकडे.

हा भेद चांगला होता, कारण त्याला कारण होतं. पुढे लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांत एकवाक्यता यावी म्हणून फेब्रुवारी १९९४ मध्ये एक मानक आलं. तेच पुढे फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड, म्हणजे एफएचएस, या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मधली. त्यात /बिनमध्ये कुठल्या कमांड असल्याच पाहिजेत याची यादी दिलेली आहे. म्हणजे अडचणीतून निघालेली वाट नंतर नियम झाली.

आता न्यायदर्शनाकडे एक फेरी मारू. तिथे 'उपाधी' नावाची एक फार उपयोगी कल्पना आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे खरं. पण उलट करून 'जिथे अग्नी तिथे धूर' म्हटलं तर ते टिकत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. अग्नीतून धूर यायला ओलं सरपण लागतं. हे ओलं सरपण म्हणजे उपाधी: न सांगितलेली अट. ती अट आहे तोवर नियम खरा वाटतो. ती गेली की नियम पडतो, आणि आपल्याला कळतच नाही की तो का पडला.

'अत्यावश्यक कमांड /बिनमध्येच हवी' या नियमाची उपाधी कोणती? यंत्र सुरू होताना /यूएसआर वेगळ्या डिस्कवर आणि न जोडलेलं असणं. ही अट आज बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. एक तर डिस्क मोठ्या झाल्या, सगळं एकाच डिस्कवर मावतं. दुसरं म्हणजे, लिनक्समध्ये आता सुरुवातीला मेमरीतच एक छोटी तात्पुरती फाइल-व्यवस्था उघडते, तिला इनिट-रॅम-एफएस म्हणतात. डिस्क शोधणं, कूटबद्ध असेल तर उघडणं, जोडणं, ही कामं ती करते. पूर्वी /बिन जे काम करत होतं ते आता तिच्याकडे आहे. तिसरी गोष्ट जरा गमतीची: सुरुवातीला चालणारे काही प्रोग्राम हळूहळू /यूएसआरमधल्या लायब्ररी आणि माहितीच्या फाइली वापरू लागले होते. म्हणजे रेघ कागदावर होती, प्रत्यक्षात पुसली गेली होती, आणि कोणाला पत्ता नव्हता.

दुसरा प्रश्न: कमांड कोण चालवतं?

आता एसबिन. जुन्या युनिक्समध्ये व्यवस्थापकाच्या कमांड चक्क /ईटीसीमध्ये असत. /ईटीसी/माउंट, /ईटीसी/इनिट असे त्यांचे पत्ते होते. /ईटीसी म्हणजे 'इत्यादी', अडगळीची खोलीच म्हणा. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांना एसबिन ही वेगळी जागा मिळू लागली. इथला 'एस' सिस्टिमचा.

पुष्कळांचा समज असा, की एसबिन म्हणजे कुलूपबंद खोली, सामान्य माणसानं तिथे जायचं नाही. तसं अजिबात नाही. एसबिनमधली फाइल कोणीही चालवून बघू शकतो. डिस्क पुसायची परवानगी आहे की नाही, हे त्या क्षणी कर्नेल तपासतो. फाइल कुठल्या डिरेक्टरीत आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. मानकानंही हे स्पष्ट केलं आहे: हा भेद सुरक्षेसाठी केलेला नाही, सोयीसाठी केलेला आहे. सामान्य वापरकर्त्याच्या शोधमार्गात, म्हणजे पाथमध्ये, व्यवस्थापकाच्या शेकडो कमांडची गर्दी नको, एवढाच हेतू. आणि कसोटीही तिथेच दिली आहे: एखादी कमांड सामान्य वापरकर्ता कधीकाळी जरी स्वतः चालवणार असेल, तरी ती बिनमध्ये ठेवा. नेटवर्क तपासणारी पिंग व्यवस्थापकाला अत्यावश्यक आहे, पण बाकीचेही ती वापरतात, म्हणून तिची जागा बिनमध्ये.

कसोटी ऐकायला सोपी आहे, वापरायला अवघड. नेटवर्कचा पत्ता दाखवणारी आयएफकॉन्फिग घ्या. पत्ता बदलणं हे व्यवस्थापकाचं काम. पण नुसता बघणं? ते तर कोणीही करील. बघणारी आणि बदलणारी कमांड एकच आहे, मग ती कोणाची? ती एसबिनमध्ये राहिली. तिच्या जागी आलेली आयपी ही कमांड डेबियननं बिनमध्ये ठेवली, फेडोरानं एसबिनमध्ये. दोन्हीकडची माणसं जाणकार, कसोटी तीच, उत्तरं मात्र दोन. असं घडतं तेव्हा भेद वस्तूत नसून बघणाऱ्याच्या भूमिकेत आहे, असं समजावं.

याचा त्रास कसा होतो तेही पाहा. डेबियनच्या दहाव्या आवृत्तीत एसयू या कमांडची वागणूक बदलली. नुसतं 'एसयू' टाइप करून व्यवस्थापक झालात तर शोधमार्ग जुन्या वापरकर्त्याचाच राहतो. 'एसयू' आणि पुढे एक आडवी रेघ दिली तर तो व्यवस्थापकाचा होतो. त्या एका रेघेअभावी कितीतरी लोक स्क्रीनकडे बघत बसले: अधिकार आहे, कमांड यंत्रात आहे, आणि उत्तर येतं 'कमांड सापडली नाही'. शेल एसबिनमध्ये बघतच नव्हता.

तिसरा प्रश्न: कमांड कोणी आणून ठेवली?

हा प्रश्न सगळ्यात साधा दिसतो. आपल्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

/यूएसआर/बिनमधल्या फाइलींची मालकी वितरणाकडे असते, म्हणजे डेबियन, फेडोरा यांच्या पॅकेज व्यवस्थापकाकडे. तो त्या ठेवतो, बदलतो, काढून टाकतो. त्याची स्वतःची खातेवही असते: कुठली फाइल कुठल्या पॅकेजची. /यूएसआर/लोकल ही जागा मात्र त्या यंत्राच्या व्यवस्थापकाची. नवी प्रणाली बसवली की तिथे रिकाम्या डिरेक्टऱ्यांपलीकडे काही नसावं, आणि प्रणाली अद्ययावत करताना तिथल्या फाइलींना धक्का लागू नये, असं मानक सांगतं. तिसरा वाटेकरी बाहेरचा विक्रेता. तो आपला संच /ऑप्टमध्ये वेगळा मांडतो. लिनक्सवर गुगल क्रोम तिथेच बसतो. चौथे आपण स्वतः: आपल्या होम डिरेक्टरीतलं .लोकल/बिन.

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात डेबियनचा सर्व्हर आहे. पुस्तकांच्या नोंदींची रोज रात्री प्रत निघावी म्हणून कोणीतरी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि 'बॅकअप' असं नाव देऊन /यूएसआर/बिनमध्ये टाकली. चालली, सगळे खूश. दोन वर्षांनी कोणीतरी एक पॅकेज बसवलं, त्यात त्याच नावाची फाइल होती. पॅकेज व्यवस्थापकाच्या खातेवहीत आपल्या स्क्रिप्टची नोंदच नाही. तो न विचारता तिच्यावर आपली फाइल लिहितो. रात्रीचं काम बंद पडतं आणि हे कळतं ते डिस्क गेल्यावर. ही चूक आळसाची नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आपली वस्तू ठेवली, एवढीच ती चूक आहे.

तीच स्क्रिप्ट /यूएसआर/लोकल/एसबिनमध्ये असती तर वाचली असती. पण तिथेही एक सूचना लक्षात असू द्या. ठरलेल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबसाठी डेबियनवर फक्त /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच शोधमार्ग धरतो. हातानं चालवली तर स्क्रिप्ट चालते, रात्री चालत नाही. उपाय सोपा: क्रॉनटॅबमध्ये पूर्ण पत्ता लिहा, किंवा वर शोधमार्ग स्वतः द्या.

भिंत पाडली तेव्हा

पहिल्या प्रश्नाची उपाधी गेल्यावर लोकांनी भिंत पाडायला घेतली. सोलारिसच्या घराण्यात /बिन हा फार पूर्वीच /यूएसआर/बिनकडे बोट दाखवणारा दुवा, सिमलिंक, झाला होता. लिनक्समध्ये फेडोरानं २०१२ मध्ये, सतराव्या आवृत्तीत, /बिन आणि /एसबिनमधल्या फाइली /यूएसआरमध्ये नेल्या. आर्च लिनक्सनं २०१३ मध्ये पुढे जाऊन एसबिनही बिनमध्ये मिळवलं. डेबियननं २०२३ मध्ये, बाराव्या आवृत्तीत, ही नवी मांडणी सक्तीची केली. २०२५ मध्ये फेडोराच्या बेचाळिसाव्या आवृत्तीत बिन आणि एसबिन एक झाले.

काम एवढं सोपं, तर वर्षं का लागली? इथे वैशेषिकांचा एक भेद कामाला येतो, संयोग आणि समवाय. मेजावर पुस्तक आहे, हा संयोग. पुस्तक उचललं तरी पुस्तकही राहतं, मेजही राहतं. तंतू आणि कापड यांचा संबंध समवाय. तंतू काढले तर कापड उरत नाही. प्रोग्रामचा आणि त्याच्या डिरेक्टरीचा संबंध कोणता? अर्थात संयोग. एलएस कुठेही ठेवा, ती यादीच दाखवील. पण आपण लिहिताना त्या संयोगाला समवाय करून टाकतो. जगातल्या असंख्य स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत /बिन/एसएच हा पत्ता कोरलेला आहे. तो पत्ता गेला तर त्या सगळ्या पडतील. म्हणून भिंत पाडली तरी जुनं दार ठेवावं लागतं. /बिन आजही दिसतं. ते दार उघडलं की आपण /यूएसआर/बिनमध्ये पोचतो.

डेबियनला तर याहून कठीण प्रसंग आला. तिथला पॅकेज व्यवस्थापक डीपीकेजी. त्याच्या खातेवहीत फाइलीचा पत्ता अक्षरशः लिहिलेला असतो. /बिनमधली एखादी फाइल नव्या आवृत्तीत दुसऱ्या पॅकेजमध्ये गेली, आणि पत्ता /यूएसआर/बिन असा लिहिला, तर त्याच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या फाइली. नवी तो मांडतो, आणि मग जुनी 'आता नको' म्हणून पुसतो. पण दोन्ही पत्ते एकाच खोलीचे! पुसली जाते ती नुकतीच मांडलेली फाइल. हा धोका टाळण्यासाठी डेबियनच्या तांत्रिक समितीनं अशा हलवाहलवीला काही काळ थांबायला सांगितलं होतं. वस्तू एक आणि नावं दोन असली, आणि हिशेब ठेवणाऱ्याला ते ठाऊक नसलं, की वस्तूच जाते.

उलट बाजूही ऐकली पाहिजे. फ्रीबीएसडीनं भिंत पाडलेली नाही. तिथे मूळ प्रणाली एक संघ बांधतो. बाहेरून आलेलं सारं, अगदी त्याच्या सेटिंगच्या फाइलींसकट, /यूएसआर/लोकलमध्ये जातं. शिवाय /रेस्क्यू नावाची डिरेक्टरी आहे. तिथले प्रोग्राम कुठल्याही लायब्ररीवर अवलंबून नसतात, बाकी सगळं मोडलं तरी ते चालतात. म्हणजे 'अडचणीच्या वेळी काय लागेल?' हा जुना प्रश्न त्यांनी सोडला नाही, त्याला स्वतंत्र जागा दिली. दोन्ही मार्ग सुसंगत आहेत. विसंगत आहे ते कारण विसरून रेघ जपणं, आणि कारण न तपासता रेघ पुसणं.

मग आपली कमांड कुठे ठेवायची?

तीन प्रश्नांतला पहिला लिनक्सवर आता जवळजवळ मिटला आहे. दुसरा क्षीण झाला आहे. तिसरा पूर्ण जिवंत आहे. म्हणून विचार तिसऱ्यापासून सुरू करावा. वितरणासाठी पॅकेज बांधत असाल तर /यूएसआर/बिन. आपल्या यंत्रासाठी स्वतः लिहिलेलं, सगळ्यांना लागणारं असेल तर /यूएसआर/लोकल/बिन. फक्त व्यवस्थापकाचं असेल तर /यूएसआर/लोकल/एसबिन. बिनमध्ये ठेवलंत तरी आभाळ कोसळणार नाही. विक्रेत्याचा अख्खा संच असेल तर /ऑप्ट. केवळ आपल्यापुरतं असेल तर आपल्या घरात. आणि यंत्राची प्रत काढताना /होम, /ईटीसी यांच्याबरोबर /यूएसआर/लोकल विसरू नका. बाकीचं /यूएसआर पुन्हा बसवता येतं, हे येत नाही.

प्रश्नोत्तरे

श्रोता: सर, मॅकवर /यूएसआर/बिनमध्ये व्यवस्थापकालाही काही लिहिता येत नाही. हे जास्तच नाही का?

उत्तर: २०१५ पासून मॅकओएस /यूएसआर, /बिन, /एसबिन या जागा संरक्षित ठेवतो; /यूएसआर/लोकल मात्र मोकळं असतं. बघा, आपण तिसरा प्रश्न म्हटला, तो तिथे कायद्यासारखा अमलात आणला आहे. लिनक्सवर जो संकेत आहे, तो तिथे कुलूप झाला. त्यात स्वातंत्र्य कमी होतं हे खरं, पण भेदाचं कारण स्पष्ट राहतं.

श्रोता: निक्सओएसमध्ये /यूएसआर/बिनमध्ये जवळजवळ काहीच नसतं. मग वर्गीकरणच संपलं म्हणायचं का?

उत्तर: संपलं नाही, हललं. तिथे प्रत्येक पॅकेज /निक्स/स्टोअरमध्ये आपापल्या स्वतंत्र पत्त्यावर राहतं. पण /बिनमध्ये एसएच आणि /यूएसआर/बिनमध्ये ईएनव्ही एवढे दोन त्यांनाही ठेवावे लागले. का? स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत तेच पत्ते कोरलेले असतात म्हणून. आपण ज्याला संयोगाचा समवाय होणं म्हटलं, त्याचा याहून चांगला पुरावा नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं घर गेलं, पण त्या घराचा पत्ता अजून लोक पाकिटावर लिहितात. पत्र पोचायला हवं असेल, तर तिथे निदान एक पेटी ठेवावीच लागते.